आधी आर्क गेला की आधी गॅन्ट्री थांबली? बडोद्यात बनणाऱ्या ५ × १० फुटी सीएनसी प्लाझ्मा टेबलाचं परीक्षण

सीएनसी प्लाझ्मा टेबल म्हणजे प्रोग्रामवर चालणारं प्लेट कापायचं यंत्र. आर्क म्हणजे टॉर्चमधून निघून धातू वितळवणारी विजेची ज्योत, आणि गॅन्ट्री म्हणजे टॉर्च घेऊन टेबलावर फिरणारी आडवी कमान. कटिंगला पाचपैकी साडेचार, सांगाड्याला चार, वायरिंगला अडीच. हे टेबल घ्यावं का, असं कुणी विचारलं तर उत्तर हो आहे. पण डिलिव्हरीनंतरचे पहिले दोन दिवस कटिंगला न देता वायर, अर्थिंग आणि हवा यांना द्यायची तयारी हवी. ते दोन दिवस दिले नाहीत तर पुढचे सहा महिने ‘कधी चालतं, कधी थांबतं’ या एकाच तक्रारीत जातात.

परीक्षण एका ठरावीक जोडीचं आहे. मकरपुरा जीआयडीसीत बनलेलं १५०० × ३००० मिमीचं टेबल, दोन्ही बाजूंना रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि चाक), स्टेपर मोटर, उंची ओळखायला ओहमिक (टॉर्चचं टोक प्लेटला टेकल्याचं विजेनं ओळखणारा) आणि तरंगतं हेड (टेकल्यावर स्प्रिंगवर उचललं जाणारं) असे दोन्ही मार्ग, टॉर्च धडकली तर सुटणारा चुंबकी होल्डर, चिनी कंट्रोलर आणि वेगळं टीएचसी, म्हणजे टॉर्चची उंची आपोआप राखणारं कार्ड. वर आर्कला वीज पुरवणारा हायपरथर्मचा पॉवरमॅक्स ८५ सोर्स आणि १८० अंशांची मशीन टॉर्च. टेबल बनवणाऱ्याचं नाव इथे दिलेलं नाही. पुढे येणाऱ्या उणिवा त्या एका कारखान्यापुरत्या नाहीत. पोर, वाघोडिया किंवा मंजुसरला उभ्या असलेल्या, याच पद्धतीनं वायर ओढलेल्या कोणत्याही टेबलाला त्या लागू पडतील.

चांगलं ते आधी. ट्रान्सफॉर्मर टाकीचे गसेट, बेस प्लेट, फ्लँज, पॅनलचे ब्रॅकेट ही बडोद्यातली रोजची कामं. त्यांत ३ ते १२ मिमी माइल्ड स्टीलला हे टेबल उत्तम काम देतं. ६ मिमीला ८५ अँपिअर, १.५ मिमी कटिंग उंची, ३.८ मिमी पिअर्सिंग (सुरुवातीचं भोक पाडायची) उंची, अर्ध्या सेकंदाचा पिअर्सिंग डिले आणि मिनिटाला साडेतीन मीटरच्या आसपास वेग ठेवला की खालचा स्लॅग (थिजलेला धातू) चिपिंग हॅमरच्या एका फटक्यात पडतो, ग्राइंडर लावावा लागत नाही. काप दीड ते दोन मिमी रुंद पडतो. टॉर्च ज्या दिशेला चालते तिच्या उजव्या हाताची कड सरळ येते, डावीकडची थोडी तिरकी. म्हणून बाहेरचा आकार घड्याळाच्या दिशेनं आणि आतली भोकं उलट दिशेनं कापायची. सोबत दिलेला पोस्ट-प्रोसेसर (ड्रॉइंगमधून मशीनचा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) हे आपोआप करतो, ही बनवणाऱ्याची मोठी जमेची बाजू. गॅन्ट्रीचा बीम ताठ आहे आणि वळणावर थरथर उमटत नाही. रॅकवर धूळ साचू नये म्हणून वरून पत्र्याची झापही दिली आहे.

आता मूळ तक्रार. सलग वीस जॉब बिनबोभाट निघतात आणि एकविसावा मध्येच थांबतो. पुन्हा चालू केला तर पुढचे पंधरा नीट. असा फॉल्ट शोधताना नेहमीची पद्धत म्हणजे नोझल बदला, नाही जमलं तर इलेक्ट्रोड बदला, मग टीएचसीचं कार्ड काढून दुसरं टाका. त्यात पैसे जातात आणि फॉल्ट तिथेच राहतो, कारण जो फॉल्ट दिवसातून दोनदाच येतो तो पार्ट बदलल्यावर गेला की नुसता लपला, हे कळायला मार्गच उरत नाही.

त्याऐवजी एकच प्रश्न धरून बसायचं. आधी आर्क गेला आणि मग गॅन्ट्री थांबली, की आधी गॅन्ट्री थांबली आणि मग आर्क बंद झाला? उघड्या डोळ्यांना दोन्ही एकाच वेळी झाल्यासारखं वाटतं. मोबाइल स्टँडवर लावा, टॉर्चच्या बाजूला वेल्डिंगची काळी काच अशी धरा की स्क्रीन तिच्याआड जाणार नाही, आणि स्लो-मोशनवर ठेवून द्या. फ्रेममध्ये टॉर्च आणि कंट्रोलरचा इनपुट दाखवणारा स्क्रीन, दोन्ही यायला हवेत. एकदा फॉल्ट पकडला की काम निम्म्यावर येतं. आर्क आधी गेला असेल तर दोष हवा, कंझ्युमेबल (टॉर्चमधले नोझल, इलेक्ट्रोडसारखे झिजणारे भाग), वर्क केबल (प्लेटकडून करंट सोर्सला परत नेणारी), टॉर्च किंवा सप्लाय यांत आहे. गॅन्ट्री आधी थांबली असेल तर सोर्स निर्दोष. कंट्रोलरला कुठून तरी खोटा सिग्नल गेला. आणि दोन्ही चालूच राहिले पण काप बिघडला, तर उंची किंवा यांत्रिक भागाकडे वळायचं.

सोबत एक वही ठेवा. प्रत्येक फॉल्टला तीन गोष्टी लिहायच्या: टेबलावरची जागा, प्रोग्रामची ओळ आणि वेळ. जागा तीच येत असेल तर ड्रॅग चेनमधली (गॅन्ट्रीसोबत सरकणाऱ्या, केबल वाहणाऱ्या साखळीतली) वायर, रॅकचा दात किंवा तिथली प्लेट टेकायची पट्टी. ओळ तीच असेल तर प्रोग्राम: कडेबाहेर जाणारा लीड-आउट (काप संपवून बाहेर पडणारी रेघ), आधी कापलेल्या खाचेवरून जाणारी रेघ. सुरुवात नीट आणि तासाभरानं त्रास, असा नमुना दिसला तर हवा किंवा उष्णता. तिन्हींत काहीच जुळलं नाही तर सैल जोड किंवा इलेक्ट्रिकल नॉइज (सिग्नलच्या वायरीत शिरणारा विजेचा भटका झटका). आठ-दहा नोंदी होईपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही.

या टेबलाचा कच्चा भाग गॅन्ट्रीच्या बाजूचा, म्हणून तो सविस्तर.

पहिला संशय आर्क ओके सिग्नलवर. सोर्सच्या मागे १४ पिनांचा सीएनसी पोर्ट असतो. पिन ३ आणि ४ वर स्टार्ट, १२ आणि १४ वर आर्क ट्रान्सफर म्हणजे आर्क ओके, ५ आणि ६ वर भागलेला आर्क व्होल्टेज. आर्क ओके हा नुसता ड्राय कॉन्टॅक्ट (स्वतः व्होल्टेज न देणारा स्विच) आहे. आर्क प्लेटला लागला की मिटतो, तुटला की उघडतो. कंट्रोलर तो पाहूनच पुढे चालतो. या टेबलात १२ आणि १४ च्या वायरी थिंबल (टोकाला दाबायची धातूची टोपी) न लावता, उघड्या तारा पिळून टर्मिनलमध्ये स्क्रूखाली दाबलेल्या आहेत. गॅन्ट्री झटक्यानं वळली की एखादी तार हलते, कॉन्टॅक्ट काही मिलिसेकंद उघडतो आणि कंट्रोलरला आर्क गेल्यासारखा वाटतो. तो गॅन्ट्री थांबवतो, स्टार्ट सोडतो, आणि आर्क खरंच विझतो. बघणाऱ्याला वाटतं सोर्सनं दगा दिला.

तपासायची रीत सोपी आहे. भंगार प्लेट घ्या, कंट्रोलरच्या आर्क ओके इनपुटला तात्पुरता जंपर मारा आणि तोच प्रोग्राम चालवा. त्रास गेला तर दोष याच साखळीत: सोर्सचा रिले, कनेक्टर, केबल, टर्मिनल किंवा कंट्रोलरचं इनपुट. जंपर असताना आर्क न लागताही गॅन्ट्री पुढे धावते, म्हणून माणूस इमर्जन्सी बटणाजवळ उभा हवा आणि चाचणी संपली की जंपर लगेच काढायचा. उपाय म्हणजे फेरूल (बारीक वायरीचं थिंबल), पिळाची शील्डेड केबल, आणि कनेक्टरची रिंग शेवटपर्यंत फिरवून घट्ट करणं. कंट्रोलरमध्ये आर्क जाणवण्याचा विलंब शून्यावर दिलेला आहे, तो ०.२ सेकंदापर्यंत वाढवला की क्षणिक झटके गिळले जातात. पण जोड दुरुस्त न करता नुसता विलंब वाढवला तर पुढे खरा आर्क गेल्यावरही टॉर्च तेवढा वेळ न कापता पुढे सरकेल आणि जॉब प्लेटला अडकून राहील.

दुसरा संशय ड्रॅग चेन. तिच्यात टॉर्चची लीड, मोटरच्या केबल, लिमिट स्विचच्या (टोकाची हद्द ओळखणाऱ्या स्विचच्या) वायरी आणि ओहमिकची तार सगळं एकत्र कोंबलेलं आहे. दोन त्रास होतात. एक, साधी घरगुती वायर रोज हजारदा वाकून आतल्या आत तुटते. इन्सुलेशन अखंड दिसतं, आत तांब्याची टोकं एकमेकांना टेकलेली असतात आणि ठरावीक वळणावरच सुटतात. मल्टिमीटर बझरवर लावा, वायरीची दोन्ही टोकं पकडा आणि एका माणसाला गॅन्ट्री या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू जॉग करायला सांगा. बझर क्षणभर जरी तुटला तरी ती वायर बाद. तिथे सांधा मारायचा नाही. चेनसाठी बनलेली लवचिक केबल पूर्ण लांबीची टाकायची, आणि चेनचा चाळीस टक्के भाग तरी मोकळा ठेवायचा.

दुसरा त्रास नॉइजचा. पॉवरमॅक्समध्ये आर्क सुरू करायला हाय फ्रिक्वेन्सी नसते. इलेक्ट्रोड आणि नोझल आधी टेकलेले असतात आणि हवेच्या दाबानं मागे सरकताना पायलट आर्क पडतो. त्यामुळे हाय फ्रिक्वेन्सीवर सुरू होणाऱ्या स्वस्त सोर्सइतका उपद्रव होत नाही. तरीही ८५ अँपिअर क्षणात चालू-बंद होतात आणि शेजारून जाणाऱ्या लिमिटच्या वायरीत त्याचा झटका उमटतो. लिमिट ५ व्होल्टवर आणि नॉर्मली ओपन (एरवी उघडी) जोडलेली असेल, जशी इथे आहे, तर तेवढा झटका पुरतो. तीच लिमिट २४ व्होल्टवर, नॉर्मली क्लोज्ड (एरवी मिटलेली) करा. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे वायर तुटली तर मशीन लगेच थांबतं, धडकल्यावर नव्हे. इनपुटला ५ ते १० मिलिसेकंदांचा फिल्टर द्या. टॉर्चची लीड वेगळ्या मार्गानं न्या. सिग्नलला ओलांडावंच लागलं तर काटकोनात. उरलेली लांब लीड गोल वेटोळं करून हुकाला टांगलेली दिसते, तेही बंद करा: मोठ्या सैल आठाच्या आकारात जमिनीवर पसरा. केबलचं शील्ड एकाच टोकाला, कॅबिनेटच्या बाजूला, अर्थला जोडा.

खात्रीसाठी दोन चाचण्या. स्टार्टची वायर काढून, आर्क ओकेला जंपर मारून तोच प्रोग्राम कोरडा चालवा, लांबलचक, अर्धा तास. कोरड्यातही थांबलं तर वायर, २४ व्होल्ट सप्लाय किंवा चुंबकी होल्डरचा सेन्सर. कोरडं निर्धास्त चाललं आणि आर्क लागल्यावरच थांबतं, तर नॉइज. २४ व्होल्टचा एसएमपीएस (डीसी सप्लाय) मोजताना मल्टिमीटर किमान-कमाल नोंदणाऱ्या मोडवर ठेवा. कॉम्प्रेसर सुरू होताना तो २२ च्या खाली डोकावला तर छोट्या एसएमपीएसवर रिले, पंखा आणि सेन्सर सगळे लादले आहेत, असं समजा. चुंबकी होल्डरही दुर्लक्षित राहतो. चुंबकांमध्ये लोखंडी बुकणी साचते, होल्डर पुरता बसत नाही आणि वेगवान वळणावर आतला स्विच उघडतो. दर पाळीला कापडानं पुसणं एवढंच काम आहे.

अर्थिंगबाबत एक चूक फार पसरलेली आहे. टेबलासाठी वेगळा रॉड ठोकायचा, कॅबिनेटसाठी वेगळा, सोर्सचा तिसरा, आणि कोणाचा कोणाशी संबंध ठेवायचा नाही. यानं नॉइज जातो असा समज. होतं उलटंच. दोन रॉडांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो फरक सिग्नलच्या वायरीतून वाट काढतो. टेबलाची फ्रेम, गॅन्ट्री, कंट्रोल कॅबिनेट आणि सोर्स या प्रत्येकातून एक जाड वायर टेबलाजवळच्या एकाच तांब्याच्या पट्टीवर आणा. तिथून रॉडला आणि इमारतीच्या अर्थला जोड द्या. गॅन्ट्री बेअरिंगवर आहे म्हणून ती आपोआप अर्थ होते असं धरू नका. ग्रीसमधून संपर्क तुटक असतो, चेनमधून वेगळी अर्थ वायर हवी. नॉइज जावा म्हणून सोर्सची सप्लायची हिरवी वायर काढून ठेवणं जिवावरचा खेळ आहे. तो कुणीही, कुठल्याही टेबलावर करू नये.

आता आर्क आधी जातो ती बाजू. इथे सोर्स स्वतःच बरंच सांगतो, फक्त कोड वाचायची सवय हवी. ०-२० म्हणजे हवेचा दाब कमी. ०-३० म्हणजे टॉर्चमधले भाग अडकले किंवा चुकीचे बसले. ०-४० म्हणजे सोर्स तापला. ०-५० म्हणजे रिटेनिंग कॅप सैल किंवा कॅपचा सेन्सर उघडा. ०-५१ म्हणजे पॉवर देतानाच स्टार्ट सिग्नल चालू होता, बहुधा कंट्रोलरचा रिले चिकटलेला. ०-६० म्हणजे इनपुट सप्लायचा घोळ. ०-५० आला की सोर्स बंद-चालू केल्याशिवाय पुढे जात नाही, त्यामुळे पुरावा स्क्रीनवर राहतो. ऑपरेटरनं तो लिहून घेतल्याशिवाय स्विच बंद करू नये. कॅप हातानं घट्ट करायची, पाना लावायचा नाही. आर्क गेला आणि सोर्सवर कोडच नाही, ही अवस्थाही बोलकी आहे: अशा वेळी वर्क केबल किंवा प्रोग्राम बघायचा.

वर्क केबलचा क्लॅम्प या टेबलात खालच्या पट्टीच्या फ्रेमला कायमचा बोल्ट केलेला येतो. म्हणजे करंटची वाट प्लेट, पट्टी, फ्रेम, बोल्ट अशी. प्लेटच्या खालच्या बाजूला मिल स्केलची काळी खपली, पट्ट्यांवर जुन्या स्लॅगचे मणी, खाली पाण्याचा तांबूस गंज. मोठी प्लेट चार ठिकाणी नीट टेकते आणि चालून जातं. तिचाच उरलेला तुकडा टाकला की टेकतो कुठे, न टेकतो कुठे. क्लॅम्प थेट प्लेटला लावा, ग्राइंडरनं चकचकीत केलेल्या रुपयाएवढ्या जागेवर. कापताना मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून केबलच्या थिंबलपासून प्लेटपर्यंतचा ड्रॉप मोजा. अर्धा व्होल्ट दिसला तर ८५ अँपिअरला त्या एका जोडात ४२ वॅट उष्णता होते आहे. थोड्याच दिवसांत बोल्टभोवतीचं लोखंड निळसर पडतं, आणि तो निळा डाग दिसला की मीटरचीही गरज उरत नाही.

याच जोडाचा एक छुपा परिणाम टीएचसीवर होतो आणि तो कुणी जोडून पाहत नाही. आर्क व्होल्टेज सोर्सच्या आत, इलेक्ट्रोड आणि वर्क टर्मिनल यांच्यात मोजला जातो. क्लॅम्पवर जो ड्रॉप पडतो तोही त्यात मिसळतो. ६ मिमीला सेट व्होल्टेज १२५ च्या आसपास असतो आणि साधारण पाच व्होल्टला अर्धा मिमी उंची बदलते. खराब पट्टीवर ड्रॉप तीन-चार व्होल्ट वाढला की टीएचसीला टॉर्च वर गेल्यासारखी वाटते आणि तो तिला खाली दाबतो. १.५ मधले ०.४ मिमी गेले की शील्ड स्लॅगला घासायला लागतं. मग दोष टीएचसीच्या कार्डवर ढकलला जातो. विभाजक ५०:१ वर असेल तर कार्डाच्या टर्मिनलला १२५ चे अडीच व्होल्ट दिसले पाहिजेत. कंट्रोलरमधलं प्रमाण आणि सोर्समधलं प्रमाण एकच आहे का, हेही तेव्हाच बघून घ्या.

हवा हा बडोद्याचा खास विषय. जून ते सप्टेंबर कॉम्प्रेसर पाणी ओढतो असंच म्हणायला हवं. सोर्सला १९० लिटर प्रति मिनिट हवा ५.९ बारला लागते, म्हणजे पावणेसात सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). कॉम्प्रेसरच्या प्लेटवर बहुधा पिस्टन डिस्प्लेसमेंट (पिस्टन ढकलतो तेवढं आकारमान) लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याहून बरीच कमी. म्हणून प्रत्यक्ष दहा सीएफएम मिळतील असा कॉम्प्रेसर घ्या आणि त्याच लाइनवर हवेचा ग्राइंडर चालवू नका. दाब बघायचा तो हवा वाहत असताना, पोस्ट-फ्लोमध्ये (आर्क विझल्यावरही हवा वाहत राहते तेव्हा). बंद हवेत गेज ७ दाखवतो आणि वाहायला लागली की साडेचारवर येतो. बारीक क्विक कपलर आणि ८ मिमीची पाइप हे त्याचं नेहमीचं कारण. आतून १० मिमीपेक्षा कमी पाइप नको, लांबी जास्त असेल तर १२.

ओलाव्यासाठी टेबलासोबत फक्त एक काचेच्या वाटीचा फिल्टर मिळतो. तो द्रव पाणी थांबवतो, वाफ नाही. हायपरथर्म आयएसओ ८५७३-१ वर्ग १.२.२ ची हवा मागतं. त्यातला मधला आकडा पाण्याचा, आणि त्याचा अर्थ उणे ४० अंश ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं). रेफ्रिजरेटेड ड्रायर अधिक ३ अंशांच्या आसपास थांबतो. म्हणून क्रम असा ठेवा: टाकीला ऑटो ड्रेन, मग रेफ्रिजरेटेड ड्रायर, मग तेल पकडणारा कोअलेसिंग फिल्टर, आणि सोर्सच्या अगदी आधी सिलिका जेल किंवा तत्सम दाण्यांचा डेसिकंट ड्रायर. दाण्यांचा रंग बदलला की भट्टीत सुकवायचे किंवा बदलायचे. पाइप टाकीकडून निघताना वर जाऊन मग खाली यावी आणि प्रत्येक फाटा मुख्य पाइपच्या वरच्या बाजूनं काढावा, म्हणजे साचलेलं पाणी फाट्यात उतरत नाही.

ओलावा आला का, हे वापरलेला इलेक्ट्रोड सांगतो. तो फेकायच्या आधी उजेडात धरा. टोकाला मधोमध हाफ्नियमचा ठिपका असतो. कोरड्या हवेत तिथे गोल, गुळगुळीत, बरोबर मध्यावरचा खड्डा पडतो, तो १.६ मिमी खोल झाला की इलेक्ट्रोडचं आयुष्य संपलं. ओल्या हवेत खड्डा एका बाजूला सरकतो, कडा कुरतडल्यासारख्या होतात आणि भोवतीच्या तांब्यावर काळे ठिपके उठतात. अशा इलेक्ट्रोडबरोबरच्या नोझलचं भोक भिंगातून पाहिलं तर अंडाकृती झालेलं असतं, कधी कडेला तांब्याचा बारीक मणी लटकलेला. तेवढ्या मण्यानं आर्क तिरका होतो आणि एका बाजूचा बीव्हल (कडेचा तिरकेपणा) वाढतो. पाचही भाग, म्हणजे इलेक्ट्रोड, स्वर्ल रिंग, नोझल, कॅप, शील्ड, एकत्र तपासा. स्वर्ल रिंगची केसाएवढी चीर साध्या नजरेला दिसत नाही आणि तीच अधूनमधून पिअर्सिंग चुकवते. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा; जास्त लावलं की बुकणी चिकटते. बाजारात मिळणाऱ्या नकली नोझलच्या भोकाचं मोजमाप डब्यागणिक बदलतं, आणि फॉल्ट शोधताना तर तो आणखी एक बदलता घटक नकोच. निदान पूर्ण होईपर्यंत तरी अस्सल संच वापरा. सिंक नावाच्या नव्या मालिकेत पाच भागांऐवजी एकच कार्ट्रिज येतं, त्यामुळे जुळणी चुकण्याचा प्रश्न मिटतो. नवं टेबल घेताना ती मागावी हे आमचं स्पष्ट मत.

उन्हाळ्यात ०-४० चा कोड. ८५ अँपिअरला ड्यूटी सायकल (एकूण वेळातला कापायचा वाटा) ६० टक्के आहे आणि ती ४० अंश तापमानाला मोजलेली; ६६ अँपिअरला १०० टक्के. बडोद्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० च्या वर जायला दुपारही लागत नाही. लांब सरळ काप असलेले जॉब सकाळी घ्या, सोर्स भिंतीपासून लांब ठेवा, आणि आतली धातूची धूळ कोरड्या हवेनं अधूनमधून उडवा. अर्थात सप्लाय काढून.

उंचीच्या तक्रारींत दोनच गोष्टी वारंवार आढळतात. कोपऱ्यावर गॅन्ट्री हळू होते, काप रुंदावतो, व्होल्टेज वाढतो आणि टीएचसी टॉर्च खाली आणतो. कंट्रोलरमध्ये कॉर्नर लॉकची सोय आहे, पण बंद अवस्थेत येते. ठरवलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांखाली टीएचसी गोठेल असं करा, आणि छोट्या भोकांत तो पूर्ण बंद ठेवून वेग ६० टक्क्यांवर आणा. दुसरी गोष्ट पातळ पत्र्याची. १.६ मिमीचा पत्रा दोन पट्ट्यांच्या मध्ये हेडच्या भारानं खाली वाकतो, हेड उचललं की वर उसळतो, आणि पिअर्सिंग ३.८ ऐवजी दोन-अडीचवर होतं. पट्टीवर पडलेला जॉब नीट निघतो, मधला बिघडतो, म्हणून हा फॉल्ट अगदी लहरी भासतो. पातळ पत्र्याला ओहमिक वापरा, स्प्रिंगचं तरंगतं हेड नको. मात्र पत्र्यावर पाणी साचलेलं असेल तर ओहमिक हवेतच टेकल्याचा सिग्नल देतो. फडकं मारूनच सुरुवात करा. शील्ड आणि नोझलमध्ये स्लॅगचा कण अडकला तरी तेच होतं.

यांत्रिक बाजूला फार शोधावं लागत नाही. वर्तुळाची सुरुवात आणि शेवट जुळत नसतील तर पिनियनचा ग्रब स्क्रू बघा. शाफ्ट आणि पिनियनवर मार्करनं एक सलग रेघ ओढून ठेवा. पाळी संपताना ती तुटलेली दिसली की दोष सापडला.

विक्रीनंतरची सेवा तत्पर आहे. फोन केला की त्याच दिवशी माणूस येतो, आणि मराठी-गुजराती दोन्हींत नीट समजावतो. पण तो येतो ते कार्ड घेऊन, मीटर घेऊन नाही, आणि वायरिंगचा नकाशा त्याच्याकडेही नसतो. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी दोन गोष्टी हातात घ्या. एक, पिन नंबर आणि वायर नंबर लिहिलेला नकाशा, कॅबिनेटच्या दाराच्या आतून चिकटवलेला. दुसरी, चाचणीचा कट: ६ मिमीची पूर्ण ५ × १० ची प्लेट, चारही कोपरे आणि मध्य धरून पंचवीस जॉब, प्रत्येकात १२ मिमीचं भोक, सलग, कुणीही हात न लावता. एकही थांबला तर वही उघडा, जागा, ओळ आणि वेळ लिहा, आणि बनवणाऱ्याच्या माणसासमोरच स्लो-मोशन लावा.